हात न उचलता

रिपीट 36. चौकटी कंसात आणखी एक रिपीट 4, त्यात फॉरवर्ड 100, राइट 90. चौरस पुरा झाला की राइट 10. लोगो भाषेत एवढंच लिहायचं. पडद्यावरचं कासव शंभर पावलांच्या बाजूचा चौरस काढतं, दहा अंश वळतं, पुन्हा चौरस काढतं आणि छत्तिसावा चौरस संपवून वळलं की निघालं त्या जागी, त्याच दिशेला तोंड करून उभं राहतं. 144 रेषा ओढून फूल तयार होतं. जगभर संगणक शिकवणारे हे फूल पहिल्याच दिवसांत दाखवतात, कारण ते पाहून मुलांचे डोळे मोठे होतात.

घाटंजीत या फुलावरून एका घरात वाद चालतो. एका बाजूला माझे भूमितीचे सर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण कंपासपेटी अजून हाताशी असते. दुसऱ्या बाजूला त्यांची भाची. बीसीए करून ती इथेच राहिली आणि सुट्ट्यांमध्ये सहावी ते नववीच्या मुलांना संगणक शिकवते. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे, घरात वऱ्हाडी बोलतात, आणि वाद रंगला की एकाच वाक्यात एकीतून दुसरीत जातात. मी दोघांचं ऐकत बसतो. मला त्यात जे मोलाचं वाटलं ते इथे मांडतो.

सरांचा पहिला आक्षेप श्रमाबद्दल होता.

“हे फूल कोनं काढलं?”

“मुलांनी, मामाजी.”

“पोट्ट्याइनं दोन ओळी लिहिल्या. फूल मशिननं काढलं. कंपासपेटी घेऊन बस म्हना त्याइले. छत्तीस वेळा कोनमापक ठेवा लागते. दर वेळी अर्धा अंश इकडंतिकडं झाला, का शेवटच्या चौरसापाशी फट दिसते. त्या फटीपाशी पोट्टं शिकते. तुया मशिनमंधी फटच नाही, मंग शिकनार काय?”

“फट आहे ना. राइट 10 च्या जागी 11 लिहून बघा.”

त्यांनी पाहिलं. तेहतीस चौरस बरोबर बसतात, चौतिसावा 363 अंशांवर येतो, म्हणजे पहिल्याच्या अंगावर, फक्त तीन अंश सरकून. पुढचे दोनही तसेच. फुलाची एक बाजू दाटते, बाकीची मोकळी राहते. हाताने काढताना चूक थोडीथोडी साचते आणि कुठे झाली ते कळत नाही. इथे ती आकड्यात असते आणि चित्रात जशीच्या तशी उमटते. सरांना हे पटलं, पण त्यांचा खरा मुद्दा त्यामागे होता.

“पोट्टं आकडा बदलते, बटन दाबते, चित्र पाह्यते, हासते. परत आकडा बदलते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसनारं पोट्टं कर्तव्यभूमितीच्या पेपरात एक षटकोन काढाले किती येळ देते, मले ठाऊक हाय. त्याले माहीत असते, तिज्या वर्तुळाच्या परिघावर सहा वेळा बसते. तुयाले काय माहीत असते?”

“पहिल्या दिवशी काही नाही. त्रिकोणापाशी माहीत व्हायला लागतं.”

त्रिकोणाची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. चौरस जमला की मुलं स्वतःहून त्रिकोणाकडे वळतात. समभुज त्रिकोणाचा कोन 60 अंश, हे पाठच असतं. म्हणून लिहितात: रिपीट 3, फॉरवर्ड 100, राइट 60. कासव तीन बाजू काढतं आणि तोंड उघडं ठेवून थांबतं. षटकोनाचा अर्धा भाग पडद्यावर येतो. पुस्तकात कोन 60 लिहिलाय, मुलाने 60 लिहिलेत, तरी त्रिकोण नाही. मुलांना वाटतं मशीन बिघडलं.

अशा वेळी ती मशीन सोडून मुलांना अंगणात नेते. खडूने मोठा त्रिकोण आखते. एकाने बाजूवरून चालायचं, कोपऱ्याशी थांबायचं. नाक कुठे आहे? आल्या दिशेलाच, त्रिकोणाच्या बाहेर. आता पुढच्या बाजूकडे तोंड करायला किती वळावं लागेल? मूल वळतं आणि त्याच्या अंगालाच कळतं की हे काटकोनापेक्षा जास्त आहे. 60 हा त्रिकोणाच्या पोटातला कोन. चालणाऱ्याला वळावं लागतं ते 120. तीन कोपरे झाले, मूल पुन्हा पहिल्या जागी, पहिल्या दिशेला तोंड करून. पूर्ण एक गिरकी, 360.

सर यावर बराच वेळ बोलले नाहीत. आठवीला बहुभुजाकृती शिकवताना त्यांनी फळ्यावर आंतरकोनांच्या बेरजेचं सूत्र लिहायचं, त्यातून बाह्यकोनांची बेरीज काढायची, आणि मुलांनी दोन्ही पाठ करायची, असं वर्षानुवर्षं चाललं. मग ते एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले, “ही प्रचीती झाली. सिद्धता नव्हे.”

“प्रचीती आधी आली तर सिद्धता मागायची भूक लागते, मामाजी. आणि चांदणीचं काय? पाच टोकांची चांदणी काढायला 144 अंश वळावं लागतं, पाच वेळा. बेरीज 720. तुमचं 360 तिथे चालत नाही.”

“कारण ती बहिर्वक्र नाही.”

“मुलं म्हणतात, कारण कासवाने दोन गिरक्या घेतल्या.”

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मुलांचं उत्तर मला अधिक दूर जाणारं वाटतं. बंद वाटेवरून चालून पहिल्या दिशेला तोंड करून उभं राहिलं, तर एकूण वळण 360 च्या पटीतच येणार. बाजू एकमेकींना छेदत असोत वा नसोत.

ही युक्ती जुनी आहे. 1967 मध्ये अमेरिकेत, बोस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत वॉली फॉयर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो भाषा घडवली. पॅपर्ट त्याआधी जिनीव्हात पियाजेंजवळ काम करून आले होते. सुरुवातीची कासवं जमिनीवर फिरणारी यंत्रं होती, पोटाखाली पेन लावलेली. 1980 च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पॅपर्टनी जे मांडलं त्याचा गाभा हा, की मुलाने स्वतःला कासवाच्या जागी उभं करावं आणि आपल्या चालण्या-वळण्याच्या ज्ञानातून भूमिती काढावी. महाराष्ट्रात हे कासव बऱ्याच वाटांनी आलं. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या लहानशा वस्तीच्या शाळेत ‘एका मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेची यंत्रं पोहोचली, त्यांत टर्टल आर्ट होतं. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने केटर्टलचे धडे केले, तेही मराठी आवाजात. आणि पायथन भाषेत तर टर्टल आधीपासून घातलेलंच असतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं ठरवलं, तेव्हा घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी प्रश्न उरतो तो एवढाच: वेळ मिळाला तर त्या वेळात काय शिकवायचं?

“पॅपर्ट साहेबाचं पोट्टं एकटं अन् मशिन त्याचं एकट्याचं,” सर म्हणाले. “तुयाकडं एका मशिनमागं तिघं.”

“तिघं बरी पडतात. एक कासव होऊन चालतो, दुसरा आज्ञा वाचतो, तिसरा आधी वहीत लिहितो की चित्र कसं येईल.”

हे आधी लिहिणं सरांच्याच आग्रहातून आलं. आकडा बदलून नुसतं पाहत बसणं त्यांना खपत नव्हतं, आणि माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं होतं. बटणाला हात लावण्याआधी वहीत अंदाज. पूर्वी ती मुलांना मनसोक्त खेळू द्यायची. आता वहीत दोन रकाने असतात, एक अंदाजाचा, एक आलेल्या चित्राचा. दोन्ही रकाने जुळले नाहीत, तर त्याच ओळीवर थांबायचं.

त्या वहीतून मसाविचा शोध लागला. तिने मुलांना काही कोन दिले: 72, 144, 100, 7. दर वेळी तेवढंच चालायचं, तेवढंच वळायचं. किती पावलांनंतर वाट बंद होईल? मुलं मोजून सांगत होती. सरांनी कागद ओढून घेतला. 100 अंशांचं काय? वळणांची बेरीज 360 च्या पटीत यायला हवी. 100 आणि 360 यांचा लसावि 1800. म्हणून 18 बाजू, 5 गिरक्या. किंवा मसावि 20, आणि 360 भागिले 20, तेच 18. 144 चा 360 शी मसावि 72, म्हणून 5. आणि 7 चा मसावि 1, म्हणून 360 बाजू झाल्याशिवाय वाट बंद होत नाही.

“सहावीत लसावि-मसावि शिकवतो आमी,” ते म्हणाले. “पोट्टे इचारते, सर, याचा उपयोग काय? मंग आमी घंटा सांगतो. एक घंटा बारा मिनिटानं वाजते, दुसरी अठरा मिनिटानं, सोबत कवा वाजतीन? कोन्या गावात अशा घंटा हायेत? हे आधी हाती लागलं असतं, तर मी घंटा वाजवत बसलो नसतो.”

मी विद्यार्थी होतो, त्या घंटा मलाही आठवतात. रिपीटमागे दडलेला मसावि पोराला स्वतः सापडतो, तेव्हा त्याचं तोंड पाहावं.

पण खरा तिढा सप्तकोनाचा होता. एका मुलीने सात बाजू काढायला घेतल्या. 360 भागिले 7 म्हणजे 51.428571, आणि हेच सहा अंक पुन्हा पुन्हा. तिने पुढचं सगळं टाकून 51 लिहिलं. सात वेळा 51 म्हणजे 357, तीन अंशांची तूट. वाट बंद झाली नाही. तिने रिपीटचा आकडा वाढवत नेला आणि 120 बाजूंनंतर कासव घरी आलं, कारण 51 आणि 360 यांचा मसावि 3. सप्तकोनाऐवजी पडद्यावर सतरा गिरक्यांची दाट जाळी आली. मुलीला ती इतकी आवडली की सप्तकोन राहूनच गेला. नंतर 51.43 लिहून तोही काढला.

सर ताडकन म्हणाले, “तो सप्तकोन नाही.”

“दिसतो तर तसाच.”

“दिसन्याचा प्रश्न नाही. केवळ पट्टी आणि कंपास वापरून सुसम सप्तकोन काढता येत नाही. गाउसने 1796 मध्ये सतरा बाजूंचा येतो हे दाखवलं, आणि कोणते येत नाहीत हे वान्टसेलने 1837 मध्ये सिद्ध केलं. षटकोन मी काढतो तेव्हा माया पेन्सिलीची रेघ जाड असनच, पन रचना नेमकी असते. सहा वेळा तिज्या, अन् बंद. तुयं 51.43 सात वेळा केलं तर 360.01 होते. चूक लहान हाय म्हनून डोळ्याले दिसत नाही. न दिसनारी चूक पोट्ट्याले बरोबर वाटाले लागली, तर गणित संपलं.”

इथे भाचीने पहिल्यांदा वाद सोडला. तेवढ्यापुरता मीही सरांच्या बाजूचा झालो. पडद्यावर सगळं ठिपक्यांनी काढलेलं असतं. कासवाचं वर्तुळसुद्धा 360 बाजूंची आकृती: रिपीट 360, फॉरवर्ड 1, राइट 1. डोळ्याला गोल, प्रत्यक्षात कोपरेच कोपरे. ते मुलांना सांगितलं पाहिजे, लपवायचं नाही. आणि सांगितलं तर त्यातूनही काहीतरी निघतं. त्या वर्तुळाची परिमिती 360 पावलं. व्यास पडद्यावर मोजला तर साधारण 114.6 येतो. भागाकार करा, 3.14. पाय (π) मुलांना पुस्तकात न पाहता सापडतो. सरांनी हे मान्य केलं, पण “साधारण” हा शब्द वहीत लिहायलाच हवा, अशी अट घातली. तो शब्द आता वहीत असतो.

लूपच्या पोटात लूप, म्हणजे रिपीटमध्ये रिपीट, हे शिकवताना मात्र त्यांनी भाचीला बोलूच दिलं नाही.

“मले कायले समजावतेस? माया बाप सरकी टोबत होता. दोरी ताणायची, उभ्या रेघा, मंग आडव्या. जिथं कापते तिथं फुली. एका तासातल्या फुल्या सरल्या, का दुसरा तास. आतलं रिपीट फुल्याचं, बाहेरचं तासाचं. चौफुली नीट पडली तरच डवरा आडवा-उभा चालते.”

वाघाडीच्या काठच्या या कापसाच्या मुलखात याहून सरळ उदाहरण शोधूनही मिळणार नाही. भाचीने त्यात एक गाठ दाखवली. टोबणारा माणूस तास संपल्यावर रिकामा मागे येत नाही, दुसऱ्या तासाने उलटा टोबत येतो. कासवाला मात्र ओळ संपली की मागे आणावं लागतं. ते विसरलं, तर पुढची ओळ मागची जिथे संपली तिथून सुरू होते आणि ठिपके जिन्यासारखे वर सरकत जातात. नाहीतर सम ओळीला एकीकडे, विषम ओळीला दुसरीकडे वळ, असं सांगावं लागतं. मुलांनी दुसरा मार्ग पत्करला. शेत त्यांनी पाहिलेलं होतं.

मामीबाई एवढा वेळ स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. “पंधरा ते आठ काढा म्हना,” त्या म्हणाल्या.

ठिपक्यांच्या रांगोळीची ही भाषा आपल्या बायकांनी रांगोळीच्या पुस्तकांतून आणि शेजारणींकडून घरोघर नेली. मधल्या ओळीत 15 ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत 8 पर्यंत. दर ओळ अर्ध्या घराने सरकलेली. सुरुवात, शेवट, दर वेळचा बदल, तिन्ही एका वाक्यात सांगितलेले. पायथनमधल्या फॉर लूपलाही याहून जास्त काही लागत नाही. मुलांनी ते लिहिलं, ठिपके मोजले: 15, आणि 8 ते 14 ची बेरीज 77, ती दोनदा. एकूण 169. ठिपक्यांचा षटकोन, दर बाजूला 8.

सर म्हणाले, “रांगोळी ही कला हाय. तिले आज्ञेत बसवू नये.”

या एका बाबतीत मला सर पटत नाहीत. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी यांनी राणी सिरोमनी आणि कमला कृथिवासन यांच्याबरोबर 1974 मध्ये तमिळ घरांपुढच्या कोलम या रांगोळीच्या व्याकरणावर शोधनिबंध लिहिला. सिरोमनींना पुढे असं आढळलं की मुरलेल्या बायका कोलम चित्र म्हणून लक्षात ठेवत नाहीत, हाताच्या चालींची माळ म्हणून ठेवतात. पुढे प्रुसिंकीविच या संगणकतज्ज्ञाने ‘कृष्णाचे पैंजण’ हा कोलम कासवाच्या आज्ञांत लिहून दाखवला. घाटंजीतल्या मामी आणि तमिळ बायका दोघींच्याही हातात नियम होता. तो कोणी विचारला नाही, म्हणून वहीत आला नाही. तो लिहिल्याने रांगोळीचा मान कमी होतो असं मला वाटत नाही. ज्या बायकांना कोणी गणिती म्हटलं नाही, त्यांचं गणित त्यामुळे दिसतं.

मग मामींनी त्या ठिपक्यांवर सहा टोकांची चांदणी टाकायला सांगितली. दिवाळीला निम्म्या अंगणांत असते ती. पाच टोकांची जमली होती, आठ टोकांची 135 अंशांनी जमली होती. मुलं कोन शोधत बसली. 60 दिला तर षटकोन, 120 दिला तर त्रिकोण, मधल्या कोणत्याही आकड्याला सहा टोकं येईनात.

मामी म्हणाल्या, “ती एकाच वळनानं येतच नाही. एक त्रिकोन काढा, हात उचला, मंग दुसरा उलटा टाका.”

कारण मसाविच. दर वेळी तेवढंच चालून, तेवढंच वळून सहा बाजूंत वाट बंद व्हायची तर कोनाचा 360 शी मसावि 60 हवा, आणि तसे कोन दोनच, 60 आणि 300. दोन्हींनी साधा षटकोन येतो, एक उजवीकडून, एक डावीकडून. हात न उचलता, एकाच कोनाच्या रिपीटमध्ये, पाचची चांदणी येते, सातची येते, आठची येते. सहाची येत नाही.

“पोट्ट्याइले हे कारन सांगतलं का तू?” सरांनी विचारलं.

“नाही. सांगणारही नाही.”

“मंग चाचपडत राह्यतीन.”

“राहू द्या. सगळे कोन करून बघतील, तेव्हा कोणीतरी विचारेल, का येत नाही?”

“अन् कोनंच नाही इचारलं तर?”

ती थोडी थांबली. “तर तुम्ही या वर्गावर.”

“येतो. पन आधी त्याइले सात टोकाच्या चांदन्या किती प्रकारच्या होते ते काढाले सांग. कागदावर. मशिन बंद करून.”

“कागद देते, मामाजी. मशीन मात्र चालूच राहील.”